पट्ट्याच्या कोपऱ्यातली बाई

ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात नव्या पोरांना ट्रेनिंग देताना मी एक जुना मूकपट दाखवतो. कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या येतात, नायक लेबलं चिकटवतो, मधेच त्याला शिंक येते आणि एक बाटली कोरीच पुढे जाते. तो तिच्यामागे धावतो, मग नुसता गोंधळ. ना संवाद, ना रंग, तरी आठ वर्षांत हा पिक्चर कधी पडला नाही. दिवसभर फाइली उपसायला आलेली पोरं शिंक आली की खो खो हसतात. मी हसायचं केव्हाच सोडलं.

मागे एका शुक्रवारी मी एचआरला एक रिपोर्ट पाठवला. बाळंतपणानंतर परतलेल्या एका मुलीचा कोटा भरत नव्हता, म्हणून शेजारच्या खुर्चीवरची तिच्या लॉगिनवरून तिच्या फाइली उरकायची. नियमात बसत नाही. दोघींची नावं लिहिली, बटण दाबलं आणि चहा प्यायला गेलो. सोमवारी दोघींची नोकरी जाणार हे ठाऊक होतं. काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही.

त्याच रविवारी आईला मोबाइलवर तो मूकपट लावून दिला. तिने पावणे एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत बावीस वर्षं पॅकिंग केलं. शिंक आली, नायक धावला, आई ढिम्म. मग एकदम हसली.

"ती बाजूची बघ! त्याच्या बाटल्या पन तीच करते."

मागे नेऊन पाहिलं. खरंच, कोपऱ्यातली बाई स्वतःचं काम सांभाळून त्याच्याही बाटल्यांना लेबलं लावत होती. आठ वर्षांत मला ती दिसली नव्हती.

"तुला कावीळ झालेली ना, तवा रातभर जागून मी कामावर उभ्या उभ्या डुलायची," आई म्हणाली. "बाजूवाली माझ्या बाटल्या करायची. महिनाभर."

"साहेबाला कळलं नाही?"

"त्याला दिसायचं की. तो तोंड फिरवायचा. चांगला मानूस."

एक फोन केला असता तर रिपोर्ट थांबला असता. मोबाइल हातातच होता. आई म्हणाली, परत लाव. मी परत लावला.

सोमवारी दुपारी दोघींना काढलं. नावं कोणी दिली, ते आमच्याकडे सांगत नाहीत. जाताना शेजारच्या खुर्चीवरची माझ्या टेबलाशी थांबली.

"सर, माझं राहू द्या. तिला तेवढं परत घ्यायला सांगा ना. बाळ लहान आहे तिचं."

सांगतो, म्हणालो.