आत्याबाईंचा नकार

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका माप देता देता घरातलं सगळं बोलून मोकळ्या होतात आणि मी तोंडात टाचण्या धरून नुसतं हूं हूं करते. तोंडात टाचण्या असल्या की आपल्याला काही सांगावं लागत नाही — तेवढाच फायदा. माझ्या सख्ख्या बहिणीलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगायला बसले खरी, पण सरळ मुद्द्यावर येण्याची हिंमत नाही. जरा वळसे घेईन, चालवून घ्या.

आम्ही जालन्यात मस्तगडला राहतो, भाड्याच्या दोन खोल्यांत. मी, आमचे हे, मुलगी आणि तेव्हा माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. हे एका बियाण्यांच्या कंपनीत सुपरवायझर होते. कंपनीनं सीमेपलीकडे, तेलंगणात, निजामाबादच्या पुढे नवीन प्लांट टाकला आणि यांना विचारलं — येता का? पगार बरा, राहायला क्वार्टर, बाजारहाट इकडच्यापेक्षा स्वस्त. इकडे घरमालक दर वर्षी भाडं वाढवून मागायचा आणि मुलीची फी भरायचे दिवस आले की यांचं तोंड उतरायचं. यांचं मन पक्कं झालं होतं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. आईला मागं टाकून जायचं नाही. ती हो म्हणाली तर निघायचं, नाही म्हणाली तर विषय बंद.

मग यांनी आईला विचारलं का? नाही. मला सांगितलं, तिला विचार.

आमच्या घरची रीतच तशी. सासरची माणसं मूळची मेंढरांमागची, कुंभार पिंपळगावच्या बाजूची. मोठा झालेला लेक महत्त्वाच्या गोष्टी आईशी तोंडावर बोलायचा नाही आणि आईही लेकाला तोंडावर हो-नाही सांगायची नाही. अदब म्हणा, संकोच म्हणा. मधे सून असायची. एकाच खोलीत हातभर अंतरावर दोघं बसलेले असायचे आणि आत्याबाई मला म्हणायच्या, "त्याला सांग, गोळ्या सरल्या." हेही मलाच म्हणायचे, "तिला म्हणावं, संध्याकाळी आणतो." माहेरी मी याच्या नकला करून हसवायचे. पण खरं सांगू? मला ते आवडायचं. माझ्याशिवाय या घरात कुणाचं पान हलत नाही, असं वाटायचं.

आणि मला जायचं नव्हतं. का नव्हतं जायचं? तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. जमवलेली गिऱ्हाइकं सुटणार होती. मुलीची शाळा मधेच मोडणार होती. ही सगळी कारणं खरी होती आणि यांना सांगता आली असती. हे काही ओरडणारे नाहीत, ऐकून घेतलं असतं. मी सांगितलं नाही, कारण बायको आडवी आली असं चार नातेवाइकांत झालं असतं, आणि मला चांगलं म्हणवून घ्यायची भारी हौस. पण थांबा — हेही पूर्ण खरं नाही.

मी आत्याबाईंना विचारलं. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मला वाटलं होतं, म्हातारी घाबरेल, गाव गाव करेल. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"त्यात काय इच्यारायचं? कवा निघायचं ते सांग. लगीन झाल्यापासून मेंढरामागं त्योच तर मुलूख तुडवला मी. लोकायच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचो, ते आम्हाला दाणे द्यायचे. माणसं लई गरीब हाएत तिकडची. बोली येती मला थोडी. तू बिलकुल घोर करू नको, मी हाय ना संगं. बाजारहाट मी बघून घेईन."

मग त्यांनी माझ्या मुलीला हाक मारली आणि पाण्याला तिकडे नीळ्ळू म्हणतात, मिठाला उप्पू, असं शिकवायला सुरुवात केली. पोरगी हसून हसून लोळायची. आत्याबाईही हसायच्या. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

इथेच — इथेच माझ्या मनात काळंबेरं आलं. जालन्यात आत्याबाई म्हणजे खेड्यातून आलेली बाई. रस्ता ओलांडताना माझा हात धरायच्या. दवाखान्यात, बँकेत, किराणा दुकानात त्यांच्या वतीनं मी बोलायचे, आणि कधी कधी चिडूनही बोलायचे. तिकडे हे सगळं उलटं होणार होतं. मी मुकी होऊन त्यांच्या मागे पिशवी धरून चालणार आणि त्या भाव करणार. भाजीवाली काय म्हणाली, हे मी त्यांना विचारणार. "मी हाय ना संगं" — हे त्यांनी मायेनं म्हटलं होतं. मला मात्र ते शब्द टोचले. त्यांचा आधार घ्यायचा या कल्पनेनंच माझा जीव गुदमरला. एवढंच कारण होतं. इतकं क्षुद्र.

संध्याकाळी हे आले. चपला काढायच्या आधीच त्यांनी डोळ्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आत्याबाई नको म्हणतात. मरायला परमुलखात नेऊ नका म्हणतात." दुसरं वाक्य मला कुणी शिकवलं? मुद्दाम घातलं मी ते, पुन्हा विचारायची सोयच राहू नये म्हणून. हे चपला काढून आत आले. जेवायला बसले आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

आत्याबाईंना मी चार दिवस काहीच सांगितलं नाही. तोवर त्या गावाकडे जाऊन आल्या होत्या. कुंभार पिंपळगावच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं होतं, की लेकासंगं चालले, आता उन्हाळ्यालाच येईन. परत आल्या त्या घोंगडी झटकायलाच बसल्या. तेव्हा मी म्हणाले, "कंपनीनं दुसऱ्याच माणसाला पाठवलं, आत्याबाई." त्यांनी घोंगडीची घडी केली. "जाऊ दे. त्याचं मन नाराज झालं असंल. त्याला काई इच्यारू नको," म्हणाल्या. पुढे गावच्या बायका त्यांना चिडवायच्या — काय वं, लेकानं नेलं न्हाई का? त्याही हसण्यावारी न्यायच्या. मग बाजाराच्या दिवशी गावाकडे जाणंच त्यांनी सोडलं.

पुढची काही वर्षं मी बरी झोपले, हे लपवत नाही. मग इकडच्या युनिटमधली माणसं कमी केली, त्यात हे गेले. आता एका कारखान्यात गेटवर असतात. तिकडे गेलेल्या सोबत्यानं घर बांधलं, हे कुणीतरी यांना सांगितलं, त्या संध्याकाळी हे घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा आईच्या तोंडावर बोलले. "तू तवा हो म्हणली असती तं ही पाळी आली नसती."

आत्याबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी कणकेच्या परातीत हात घालून उभी होते आणि मला वाटलं, आता संपलं.

"म्हातारं माणूस, बाबा," त्या म्हणाल्या. "भ्याले मी. चुकलं माझं."

आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्या रात्री नाही, नंतरही नाही. मी केलेलं खात राहिल्या, माझ्या पोरीला जवळ घेत राहिल्या, आजारपणात माझ्याच हातून औषध घेत राहिल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून बोलले असते, ते मला चांगलं जमतं. यावर काय बोलणार होते? कितीदा ओठांवर आलं. दर वेळी वाटायचं, त्यांना कळलंच आहे, मग सांगायचं कशाला. आणि लेक त्यांच्याशी तोडून वागत होता, कामापुरतं बोलत होता, ते मी रोज बघत होते.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. सगळं आटोपून पाहुणे पांगल्यावर हे भिंतीला टेकून बसले आणि लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "मी लई राग धरला तिच्यावर. तिचा जीव आपल्या मातीत होता, मला समजून घ्यायला पाहिजे होतं. आता माझ्या मनात काही न्हाई. माफ केलं मी तिला."

माफ केलं. तिला.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. एक शब्द बोलले नाही. अजूनही बोललेले नाही आणि बोलेन असं वाटत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही यांना ओळखत नाही.