खेळताना पाणी नाही

वर्ध्याच्या एसटीतून उतरून कॉलेजच्या कबड्डी संघातला माझा जोडीदार विलास थेट आमच्या समुद्रपूरच्या दुकानात आला आणि म्हणाला, "उमाटे सर गेले गा. ऊन लागलं त्याईले." पस्तिशीही न गाठलेला, कबड्डीच्या मैदानावर आम्हा सगळ्यांना पुरून उरणारा माणूस... अशा वेळी म्हणे डोळ्यांपुढे अंधारी येते. मला राग आला. दीड महिना होऊन गेला, तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी, पंच्याहत्तरच्या सुमारास, मी वर्ध्याला कॉलेजात गेलो तेव्हा सर नुकतेच तिथे खेळाचे शिक्षक म्हणून लागले होते. नालवाडीहून सायकलने यायचे. त्यांनी मला घडवलं, यात वाद नाही. माझ्या वडिलांना खेळ म्हणजे उनाडकी वाटायची, तर हा माणूस दुकानात येऊन पोत्यावर ठाण मांडून बसला. "शेटजी, पोरगं मले द्या, दुकान तुमच्यापाशी ठेवा," म्हणाला, आणि होकार घेतल्याशिवाय उठला नाही. सरावात आमच्या गळ्यावर बोट टेकवून आम्हाला 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लावायचे. दम जरा तुटला की त्या बोटाला कळायचं. आमचा फार जीव होता त्यांच्यावर. पण त्यांचा एक नियम होता, सराव संपल्याची शिटी होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. "पाणी पेलं का दम तुटते," एवढंच त्यांचं शास्त्र. कोणी कधी 'काऊन' म्हणून विचारलं नाही. जिंकत होतो, मग विचारणार कोण?

यंदा मे महिन्यात त्यांनी शिबिर ठेवलं. वेळ संध्याकाळची, पण वर्ध्याची मेमधली संध्याकाळ ती नावाचीच. सर स्वतः पोरांबरोबर चढाया करत होते. चक्कर आली तसे खाली बसले. पोरं म्हणाली, "सर, पाणी प्या." तर म्हणे, "अजून शिटी नाई झाली." शिटी त्यांच्याच गळ्यात होती! दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "मी ताकाचा डबा देला होता भाऊजी. तसाच वापस आला." आता याला कोणी शिस्त म्हणो, मी मूर्खपणा म्हणतो. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मग जिवंत असताना का नाही ठेवली आम्ही?

पण खरा कहर शोकसभेत झाला. ज्यांनी जन्मात मैदानाला पाय लावला नाही ते संस्थेचे अध्यक्ष 'शिस्तीसाठी देह ठेवला' असं बोलले, आणि मैदानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'खेळताना पाणी नाही' असं सरांच्या नावानिशी रंगवून घ्यायचं जाहीर केलं. वर टाळ्या! मी उठून विचारलं, "ज्या नियमानं माणूस मेला, तोच भिंतीवर लिहिता?" सरांच्या जागी आता विलास लागलाय. माझा सदरा ओढत तो म्हणाला, "सरचा अपमान कायले करतं बे?" मी म्हणालो, "आणखी एखादं पोरगं मेलं म्हणजे समाधान होईन काय तुहं?" तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

विलासने तो नियम तसाच चालू ठेवलाय, हे मी वहिनींना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "चला." मागच्या आठवड्यात आम्ही रिक्षात भरलेला माठ घालून मैदानावर गेलो. सराव ऐन रंगात होता. वहिनींनी चपला बाहेर काढल्या, खेळ चालू असताना आत शिरल्या आणि माठ मधल्या रेषेवर ठेवायला लावला. विलास पुढे आला. "वहिनी, अजून शिटी..." त्या म्हणाल्या, "मी कोनाची शिटी आयकत नाई आता. पोरंहो, प्या." पोरं जागची हलेनात. वहिनींनी पहिल्या पोराच्या हातात गिलास कोंबला तेव्हा कुठे बाकीची सरकली. विलास मान खाली घालून उभा होता, आणि खरं सांगतो, मला त्याची मुळीच दया आली नाही.

शेवटी वहिनींनी एक गिलास माझ्यापुढे केला. "घ्या भाऊजी, घसा सुकला असन." सुकला होताच. सभेत तावातावाने बोललेला मी, तो गिलास ओठांपर्यंत नेला... आणि तसाच हातात धरून शिटीची वाट पाहत उभा राहिलो.