संघमित्राचे जंतू

संघमित्रा आमच्या इस्टेटीत आली तेव्हा मी म्हटलं, ही काय चार दिवस टिकायची नाही. अंधेरीत आमचे हे गाळे. नळांना, हँडलांना क्रोमचा मुलामा देणारे कारखाने आणि चौकात माझं कँटीन. मी सुगंधा, मूळची मालवणची, तोंडाची फटकळ. आणि ही एम.एस्सी. झालेली, दिंडोशीहून येणारी, इस्त्रीच्या कुर्त्यातली पोरगी. पहिल्याच दिवशी मला म्हणते, "ताई, रोज थोडा गूळ लागेल. माझ्या जंतूंना."

"मेलं, इथे माणसांच्या चहाला साखर पुरत नाही आणि हिच्या जंतूंना गूळ!"

ती हसली नि मला समजावत बसली. मुलाम्याचं सांडपाणी पिवळंजर्द असतं. विषच ते. साधा जंतू त्यात मरतो. पण काही जंतू असल्या पाण्यात राहून राहून एवढे निबर होतात की त्यांना काही होत नाही. उलट तेच क्रोमचं विष उतरवतात. मग क्रोम तळाशी बसतं, तो गाळ वेगळा काढून नीट पाठवायचा. माझा विश्वास बसेना, तेव्हा तिने माझ्या काउंटरवर बरणी ठेवली. आठवडाभरात त्यातलं पिवळं पाणी फिकट होत गेलं. मी तोंडात बोटं घातली. त्या दिवसापासून गूळ मीच द्यायला लागले.

कॉलेजातून आणलेल्या जंतूंवर तिने इस्टेटीची मोठी टाकी चालू केली. गरजच होती तशी. पाणी सुधारा, नाहीतर गाळ्यांना टाळं, अशी नोटीस आली होती. दिवाळीत सरकारी माणसं नमुना न्यायला येणार होती. टाळं लागलं की कामगार घरी, आणि माझं कँटीनही बंद.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीच संघमित्रा वडिलांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. दरवर्षी जातात ती दोघं. इकडे खंडेनवमी. आमचे चंद्रप्रकाशशेठ, टाकी ज्यांच्या ताब्यात ते मालक, यांना त्या दिवशी साफसफाईचं वारंच चढतं. मशिनं धुतली, पंखे पुसले, मग स्वारी टाकीकडे वळली. मी ओरडले, "शेठ, तिला फोन करून विचारा तरी!"

"अगं, साफ करायला काय विचारायचं?"

टाकी रिकामी केली, ब्लीचिंग पावडरने स्वतः घासली, झेंडूचं तोरण बांधलं. ऑफिसच्या फ्रिजमध्ये संघमित्राने जपून ठेवलेली जंतूंची बाटलीसुद्धा 'वास मारते' म्हणून फेकून दिली.

ती परत आली, टाकीत वाकून बघितलं आणि तिथेच पायरीवर बसली. शेठ हसत हसत आले. "बघ! झकास ना?"

"शेठ, सगळे मेले," ती म्हणाली.

शेठचा चेहरा असा पडला की मला एवढ्या रागातही दया आली. कॉलेजातून नवे जंतू दिवाळीनंतरच मिळणार होते. वाट लागली, म्हटलं आता. पण संघमित्रा उठली, इस्टेटीमागच्या नाल्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मी यायच्या आधी एवढी वर्षं सगळं पाणी इथेच जायचं ना? मग या गाळात जे जगलेत ते आपल्याच क्रोमवर पोसलेत. बादलीभर गाळ हवा, मधल्या धारेतला."

शेठना हायसं वाटलं. "मग उतर ना, आण काढून."

"मी उतरणार नाही."

"का?"

"माझे बाबा उभा जन्म गटारात उतरले. मी शाळेत होते तेव्हा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतलाय, आपल्या घरातलं कुणी पुन्हा खाली उतरणार नाही."

"बरं बाबा, नाक्यावरून माणूस बोलावतो."

"तोही कुणाचा तरी बाप असेल. टाकी तुम्ही धुतलीत, तुम्ही उतरा."

"मी? मालक आहे मी!"

"मग लागू दे टाळं."

खरं सांगते, मला तिचा भयंकर राग आला. शब्दाचं काय लोणचं घालायचंय? गुडघाभर तर नाला. चार पावलं गेली असती तर काय झिजली असती? मी तिला तोंडावर तसं बोलले. तिने फक्त माझ्याकडे बघितलं. मी वळून भांडी घासायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ गमबूट घालून आले. संघमित्राने त्यांना हातमोजे, मास्क दिला, कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतः धरून काठावर उभी राहिली. शेठ उतरले. दोनदा घसरले, एकदा ओकले, पण बादली भरून आणली.

मग टाकीत त्या गाळाला गूळ, मुलाम्याचं पिवळं पाणी आणि तिची राखण. सुरुवातीला काहीच होईना. मी देवाला नारळ बोलले. हळूहळू पिवळं उतरायला लागलं. नाल्यातले ते जंतू कॉलेजातल्यांपेक्षा चिवट निघाले! दिवाळीत नमुना गेला, पास झाला, सगळ्या इस्टेटीने पेढे खाल्ले.

त्या दिवशी संघमित्रा वडिलांना टाकी दाखवायला घेऊन आली. शिवदासकाका बारीक, खोकणारे, स्वच्छ पांढऱ्या शर्टातले. टाकीकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. पोरगी शेठशी बोलायला लागली तसे ते माझ्या कँटीनपाशी आले.

"ताई, गाळ नाल्यातनं काढला म्हणं?"

"हो काका."

"कोण उतरलं?" पेढा त्यांच्या हातात तसाच होता. "ती म्हणती, मी नाही. पण माझ्या जिवाला लागू नये म्हणून खोटंबी बोलंल ती. तुम्ही खरं सांगा."

"ती नाही उतरली, काका. मालक उतरला."

"कोण?"

"तो काय समोर उभा आहे, तो. चंद्रप्रकाशशेठ. आणि दोर तुमच्या पोरीच्या हातात होता."

काका बाकावर बसले.

"परत सांगा, ताई," म्हणाले.

मी परत सांगितलं.