चौथीचं वर्ष

लॉच्या प्रवेश परीक्षेत एक भाग असतो. आधी एक नियम देतात, मग एक घटना सांगतात, आणि विचारतात की नियम लावला तर निकाल काय. मोबाइलवर शिकवणारे सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे: बाहेरचं काय माहीत असेल ते विसरा, कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच खरं धरा. मला हे लगेच जमलं. इंग्रजी उताऱ्यांनी जीव काढला, चालू घडामोडी आज पाठ केल्या की उद्या साफ, पण ह्या भागात माझे मार्क कधी गेले नाहीत.

बारावीनंतरचं अख्खं वर्ष मी कर्नाटकातल्या आमच्या गावी, औरादला, वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, बियाण्याच्या दुकानामागच्या खोलीत काढलं. पोत्यांना पाठ टेकून मॉक टेस्ट सोडवायच्या. पुढं अप्पा एका गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचे, दुसऱ्याशी कन्नडात, आणि येणारा प्रत्येक जण आत डोकावून विचारायचा, "वकील व्हायलीस काय गं?" मी मान हलवायची. खरं सांगायचं तर त्या वर्षात मला काहीच वाटत नव्हतं. भीती नाही, हौस नाही. उठायचं, सोडवायचं, तपासायचं, परत सोडवायचं. कलबुर्गीला पेपर देऊन आले तेव्हा आईनं विचारलं, "कसा गेला?" मी म्हणाले, "गेला." तिनं पुढं विचारलं नाही. आमच्या घरात पुढं विचारायची पद्धतच नाही.

निकाल लागला. मला हवं होतं त्या मोठ्या कॉलेजात देशभराच्या यादीतून माझा नंबर लागत नव्हता. पण कर्नाटकात दहा वर्षं शिकलेल्यांसाठी काही जागा वेगळ्या होत्या, तिथं लागत होता. मी बोटं मोजायला बसले. अकरावी-बारावी उदगीरला, म्हणजे महाराष्ट्रात. आमच्याकडची निम्मी पोरं तिकडंच जातात. ती दोन धरायची नाहीत. राहिली पहिली ते दहावी. त्यातली चौथी देगलूरला, आणि देगलूरही महाराष्ट्रातच. नऊ झाली.

चौथीबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बाजाराच्या दिवशी आईनं एक पिशवी भरली, माझा हात धरला आणि देगलूरच्या गाडीत बसली. तिच्या माहेरी आम्ही वर्षभर राहिलो. कामून गेली, ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. तिनं मला तिथल्या शाळेत घातलं आणि स्वतः शिलाईच्या क्लासला जायला लागली. मला एक गोष्ट पक्की आठवते, तिथं ती सगळ्यांबरोबर जेवायला बसायची. मग उन्हाळ्यात एक दिवस अप्पा आले, ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि दुपारच्या गाडीनं आम्ही तिघं परत आलो. त्यानंतर गावात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, पोरगी शिकायला आजोळी होती. आईचं नावच त्यात नसायचं.

दहा वर्षं इथंच शिकल्याचं सर्टिफिकेट लागत होतं, त्यासाठी अप्पा मला गावच्या शाळेत हेडमास्तरांकडं घेऊन गेले. पहिली ते सातवीची शाळा ती; आठवी ते दहावीचं हायस्कूलनं आधीच लिहून दिलं होतं. हेडमास्तरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "त्यात काय एवढं? तिसरी इथं, पाचवी इथं. मधली चौथी काय आभाळात झाली व्हय? लिहितो की." त्यांनी पहिली ते सातवी सलग लिहून शिक्का मारला.

मी अप्पांकडं बघितलं. माझी सीट वाचली म्हणून ते खूश होते, ते खोटं नाही. पण नुसतं तेवढंच नव्हतं. त्यांना ते वर्ष नकोच होतं, आणि आता ते झालंच नाही असं त्यांना शिक्क्यासकट मिळालं होतं. येताना त्यांनी मला गाड्यावर भजी खाऊ घातली. इतकी वर्षं यायचा राहिलेला राग मला तिथं आला, आणि तरी मी भजी खाल्ली.

सर्टिफिकेटाबरोबर आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र लागत होतं. तहसीलसमोरच्या टायपिस्टानं बाँडपेपरवर कन्नडात टाइप करून दिलं. अप्पांनी तिथंच सही केली. आईची राहिली होती.

घरी आई मशीनवर ब्लाउज शिवत बसली होती. अप्पांनी कागद तिच्यासमोर ठेवला, "सही कर," म्हणाले आणि पाय धुवायला मागं गेले. आईला कन्नड फर्डं बोलता येतं, वाचता येत नाही. तिनं कागद माझ्याकडं दिला. "वाच."

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. आमची मुलगी पहिली ते दहावी सलग ह्याच राज्यात शिकली, ह्या काळात आमचं कुटुंब दुसरीकडं कुठं राहिलं नाही. ती ओळ गाळावी असं मनात आलं. गाळली नाही.

"देगलूर न्हाई त्यात?"

"न्हाई."

तिच्या तोंडून देगलूर हा शब्द मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

"न्हाई केली सही तर?"

"तर ही सीट जाईल. कलबुर्गीला लागंल कुठंतरी."

तिनं कापडात अडकलेली सुई वर घेतली. "ते एक वर्ष मी माझ्या मनानं काढलंय," ती म्हणाली. आवाज चढला नाही की पडला नाही. "खरं-खोटं विचारत न्हाई मी. तुला पाहिजे का, तेवढं सांग."

कलबुर्गी चालेल, असं मला म्हणता आलं असतं. तिथंही वकीलच होतात. मी म्हणाले, "व्हय."

तिनं पेन घेतलं आणि सही केली. तिचं नाव, अप्पांचं नाव, अप्पांचं आडनाव. मग पुन्हा मशीन चालू केली.

सीट मिळाली. अप्पांनी दुकानात पेढे वाटले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी दोन-तीन दिवस वाट बघितली, नाही झाला.

निघायच्या दिवशी आईनं माझ्या बॅगेत तळाशी एक पाकीट घातलं. "हे तुझ्यापाशी असू दे. आता ह्या घरात ठेवून काय करायचं." बीदर सोडल्यावर मी ते उघडलं. देगलूरच्या शाळेचं चौथीचं प्रगतिपुस्तक होतं. दर परीक्षेखाली पालकाची सही असते, तशा चार सह्या. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. चारही वेळा तेच.

ते आता हॉस्टेलच्या कपाटात, कपड्यांखाली आहे. इथं वर्गात कुणी सहज विचारलं, शाळा कुठली, तर मी पहिली ते सातवी आमच्या गावाचंच नाव सांगते.