दोन गाठींचा दोरा

“इचारलं का तिले?”

टोपलीतलं एखादं मोगऱ्याचं फूल मी सहज उचललं, की फुलवाली माझ्या हातावर चापट मारून हे म्हणायची. तिला म्हणजे त्या फुलाच्या झाडाला, मोगरीला. तोडण्याआधी झाडाला विचारायचं, हा तिच्या घरचा रिवाज होता. वलगावच्या मळ्यात ती पहाटे झाडापुढे हात जोडायची, “आज देतं का, माय?” म्हणायची आणि मगच खुडायला लागायची. मी एकदा तिला चिडवलं, “झाड काय नाही म्हणणार आहे का, मावशी?”

“नाही म्हनता येत नाही त्याले. म्हनून त इचारा लागते, भाऊ.”

मी तेव्हा अमरावतीच्या एका वाचनालयात कारकून होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळातली ही गोष्ट. बायकांनी वाचनालयाची पायरी चढायची नाही, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. नवऱ्याच्या नावावरची पुस्तकं त्यांना घरपोच जायची, आणि ती पोचवायची ही फुलवाली. रोज सकाळी देवाची फुलं द्यायला ती घरोघर जायचीच. टोपलीत तळाला पुस्तकं, वर, पुस्तकं भिजू नयेत म्हणून ओल्या फडक्याऐवजी केळीचं पान, आणि त्यावर फुलं. परत आलेल्या पुस्तकांना झेंडूचा वास यायचा.

तिला अक्षरओळख नव्हती. तेव्हा कोणतं पुस्तक कुणाकडे, हे कळायला आम्ही एक तोड काढली होती. हार बांधायला ती केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा वापरायची, तोच पुस्तकात घालायचा. एक गाठ हेडमास्तरांकडे, दोन गाठी चिटणीसांकडे, तीन गाठी डॉक्टरांकडे. तिघेही आमच्या कार्यकारी मंडळावर होते. दोऱ्याची भानगड फक्त तिला आणि मला ठाऊक होती.

आता तीनशे बारा नंबरच्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. विलायतेतल्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरदार लोकांची ती प्रेमकथा, इंग्रजीवरून मराठीत आणलेली. विनोदी होती आणि चांगलीच चावट होती. मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, त्यामुळे सगळे तिला नंबरानेच ओळखत. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान असायचं आणि वाचकांनी त्यावर पेन्सिलीने अभिप्राय लिहायचा. हेडमास्तरांनी लिहिलं होतं, ‘भाषा सुमार, विषय निंद्य.’ डॉक्टरांनी, ‘नायक भिजलेल्या अंगाने नायिकेस तासभर मिठीत ठेवतो. दोघांसही न्यूमोनिया अटळ.’ एका कापूसदलालाने तेवढं मोकळेपणाने विचारलं होतं, ‘दुसरा भाग आहे काय?’ तुम्हीही कुठल्याही जुन्या वाचनालयात जाऊन बघा. ज्या पुस्तकाला सगळ्यांनी नावं ठेवलेली असतात, त्याचीच पानं बोटांनी जास्त काळवंडलेली असतात.

बायका लिहीत नसत. त्यांचे अभिप्राय फुलवाली तोंडी आणायची. टोपली उतरवून पायरीवर बसायची, हाताने गजरा बांधत राहायची आणि सांगायची.

“डाक्टरीनबाई म्हंते, त्या मडमेच्या झग्याच्या नाड्या सोडता सोडता सरदाराचे पुस्तकातले दोन परकरनं गेले. लुगडं असतं त गोष्ट कवाच सरली असती!”

“आणि हेडमास्तरीणबाई?”

“ते म्हंते, चार पानं झाले तरी मुका काई सरत नाही. चुलीवरचं वरन उतू गेलं माहं, म्हने.”

मी हसत होतो आणि कान तापले होते. मग विचारलं, “चिटणीसांकडच्या?”

तिचा हात थांबला. “ते काई म्हनत नाही. वापस देतानी पुस्तक नुसतं धरून रायते.”

वाचनालयाचे चिटणीस पेशाने वकील होते, पन्नाशीचे. ही त्यांची दुसरी बायको, विशीतली. माहेरहून तिला आलेलं पत्र आधी ते वाचायचे, मग तिच्या हाती द्यायचे. तिने एकदा फुलवालीकडे निरोप पाठवला होता, ‘हसू येईल असं काही पाठवा.’ मी तीनशे बारा पाठवलं, दोन गाठींचा दोरा घालून, आणि रजिस्टरात चिटणीसांच्या नावावर एक संतचरित्र लिहिलं. तेवढं खोटं माझं होतं.

पुस्तक परत आल्यावर मी ते न उघडता कपाटात ठेवलं. ही माझी दुसरी चूक. पुढच्याच रविवारी सकाळी चिटणीसांनी मंडळ बोलावलं. मी आत गेलो तेव्हा, कपाट तपासताना त्यांच्या हाती लागलेलं तीनशे बारा टेबलावर उघडं होतं. शेवटच्या पानावर सगळ्यांच्या खाली बारीक, गोल अक्षरात नवा अभिप्राय होता.

‘सरदाराने हात धरण्याआधी तिला विचारले. पुस्तकात मला एवढेच आवडले.’

आणि पानाच्या घडीत केळीच्या सोपटाचा दोरा होता. दोन गाठींचा.

हे अक्षर आपल्याच घरातलं आहे, हे चिटणीसांना ओळखू आलं नव्हतं. बायकोला लिहिताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पण हे वाक्य तिचं आहे हे कळलं असतं, तर तिची पुस्तकं तर बंद झालीच असती, आणि त्या घरात तिचं पुढे काय झालं असतं, ते मनात आणायलाही मी धजत नव्हतो.

“हे बाईमाणसाचं अक्षर आहे,” चिटणीस म्हणाले. “तो दलाल एकटाच राहतो; तो सोडला तर रजिस्टरात हे पुस्तक दोनच घरी गेलेलं दिसतं. डॉक्टर, तुमच्या. आणि हेडमास्तर, तुमच्या.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. हेडमास्तर छताकडे बघू लागले.

“उद्या दोघांनी घरच्या बायकांच्या हस्ताक्षराचे कागद आणावेत. अक्षर जुळवून पाहू.” मग त्यांनी दोरा चिमटीत उचलला. “आणि हे काय आहे? ह्या गाठी कसल्या?”

फुलवालीला आधीच बोलावून दाराशी उभं केलेलं होतं. कडेवर टोपली, डोक्यावर पदर. ती सरळ आत आली आणि हात पुढे करून म्हणाली, “द्या इकडं. माहा दोरा आहे थो. फुलाचा.”

“पुस्तकात कसा आला?”

“फुलं अन् पुस्तकं एकाच टोपल्यात असते, साहेब.” तिने दोरा त्यांच्या बोटांतून घेतला, आणि सगळ्यांच्या देखत दातांनी पहिली गाठ सोडवायला लागली. सोपट ओलं असताना मारलेली, आता वाळलेली गाठ, लवकर सुटेना. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. एक सुटली. चिटणीस पान वाचून दाखवत होते, एकेक शब्द तोडून, जणू कोर्टात पुरावा मांडत होते. दुसरी सुटली.

“हे कुणी लिहिलं, तुला ठाऊक आहे?”

“हाव. म्याच सांगतलं लिवाले.”

“तू? तुला वाचता येतं?”

“वाचता येत नाही. आयकता येते. मले गोष्ट आयकवली, म्या मत सांगतलं. न इचारता हात धरा लागत नाही, यात काय वंगाळ आहे?”

“आणि लिहिलं कुणी?”

तिने मान वळवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “याईनं. वळखू येऊ नये म्हून अक्षर बदलून.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. चिटणीसांनी विचारलं, “खरं आहे का?” हो म्हणालो तर नोकरी जाईल असं वाटलं. नाही म्हणालो तर चिटणीसांच्या घरातली ती बाई मरेल. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. खाली मान घालून फरशी बघत राहिलो. आज सांगायला लाज वाटते, पण ती मान धैर्याने खाली गेली नव्हती, भीतीने गेली होती.

“अहो, झालं तर मग!” डॉक्टर एकदम जागे झाले. “बघा कसा शरमलाय. हस्ताक्षराचं काही काढू नका आता.” हेडमास्तरांनी इतक्या जोरात मान डोलावली की टोपी तिरकी झाली.

माझ्याकडून माफीपत्र लिहून घेऊन मला सोडून दिलं. त्या पानावर जाड कागद चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. फुलवालीला वाचनालय बंद, आणि मंडळाच्या पाचही घरांतली फुलंही बंद.

“आजची त घ्यान नं?” ती चिटणीसांना म्हणाली. “तोडून झाली. झाडाले काय सांगू?”

त्यांनी हाताने जा म्हणून खूण केली. तिने खाली बसून त्यांच्या घरच्या फुलांची पुडी बांधली, त्याच दोऱ्याने, गाठ न मारता नुसता पीळ देऊन, आणि टेबलावर ठेवली. चिटणीस ती घेऊन घरी गेले.

मी तिच्या मागे पायरीपर्यंत धावलो. “मावशी, मी बोलायला हवं होतं.”

“तुमी गप रायले तेच बरं झालं,” ती टोपली डोक्यावर घेत म्हणाली. “बोलले असते त खरं बोलले असते.”

हसून म्हणाली, पण मला ते लागलं. अजून लागतं. ती पुन्हा आमच्या गल्लीत दिसली नाही. घरं तुटल्यावर एकट्या वलगावच्या बाजारात भागेना, म्हणून ती लेकीकडे अकोल्याला गेली, असं कुणीतरी सांगितलं. जायचं जायचं म्हणत मी कित्येक वर्षांनी अकोल्याला गेलो. लेक मोगऱ्याला पाणी देत होती. माय चैतातच गेली, म्हणाली.

चिटणीस वारल्यानंतरच्या वर्षी, एका सकाळी त्यांची बायको आमच्या वाचनालयाची पायरी चढून आत आली. आमच्याकडे अशी येणारी ती पहिलीच. तिने तीनशे बारा मागितलं. शेवटचं पान उघडून चिकटवलेल्या कागदावरून बोट फिरवलं. मग पर्समधून केळीच्या सोपटाचा एक दोरा काढला, वाळून पिवळा पडलेला, एकही गाठ नसलेला.

“शेवटच्या पुडीचा,” ती म्हणाली. “माझ्या पुस्तकांत नेहमी दोन गाठींचा दोरा असायचा. ह्याच्या गाठी सुटलेल्या बघितल्या आणि कळलं, की लिहिणारी मी, हे कुणाला कळलेलं नाही. त्या कुठे असतात आता?”

मी अकोल्यात कळलेलं सांगितलं. ती तळहातावरचा दोरा बोटाने सरळ करत राहिली. नंतर म्हणाली, “माझ्यासाठी एवढं केलं त्यांनी. आणि पाच घरं तुटल्यावर तुमचं कसं चाललंय, म्हणून आपण कुणी एकदा तरी विचारलं का हो त्यांना?”

तिने दोरा त्या पानात ठेवला आणि पुस्तक मिटलं. तो अजून तिथेच आहे.