नाव झालं, कुठली ते सांग

बाईंचं लाल पेन कायम अंबाड्यात खोचलेलं असे. कुणी एखादं नाव घेतलं की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "नाव झालं. कुठली ते सांग."

ही सवय त्यांना राण्यांनी लावली होती. बाई पुण्याच्या, अबू धाबीत एका शाळेत इतिहास शिकवायच्या. मी हर्णैची, सातवीत शाळा सुटलेली. त्याच शाळेच्या बसवर मुलांना चढवायचं-उतरवायचं माझं काम. सकाळी शहराबाहेरच्या मोहम्मद बिन झायद सिटीतून बस निघे. पुढच्या सीटवर मी, शेजारी बाई, त्यांच्या मांडीवर तपासायचे पेपर.

"युरोपातल्या राजघराण्यांत नावांचा दुष्काळ होता गं," त्या सांगत. "इंग्लंडच्या एका राजाच्या सहा बायका, त्यातल्या तिघी कॅथरीन. एकीला टाकली, एकीचं मुंडकं उडवलं, एक त्याला पुरून उरली. आणि ह्या गाढवाने पेपरात बघ, पहिलीचंच मुंडकं उडवलंय!"

ते गाढव मागच्याच सीटवर असे. "मिस, सेम नेम! हू केअर्स?"

"जिची मान जाते ती केअर करते, राजा," बाई मागे न वळता म्हणत.

मी हसायचे, पण जपून. आम्हा बसवर काम करणाऱ्या बायकांतही तिघी सलमा होत्या. सुपरवायझरने नंबर लावले होते. सलमा वन केरळची, सलमा टू हैदराबादची, सलमा थ्री मी. बिल्ल्यावरही तसंच छापलेलं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. व्हिसा मिळाला, खोलीत खिडकीजवळचा पलंग मिळाला, आणखी काय हवं? तुम्ही पाहिल्या असतील माझ्यासारख्या, सगळ्यांना थँक्यू म्हणत फिरणाऱ्या. मी लिफ्टलाही म्हटलं असेल.

बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बिल्ला वाचला. "थ्री? नंबर राज्य करणारीला असतो. तुझं राज्य कुठलं?"

"हर्णै," मी घाबरून म्हटलं.

"मग हर्णैची सलमा." त्यानंतर त्यांनी मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही.

एक दिवस दुसऱ्या एका बसमधून केजीतली मुलगी खाली उतरवली गेली. घरचं कुणी घ्यायला आलेलंच नव्हतं. तिथल्या इमारतीच्या वॉचमनने तिला जवळ बसवून ठेवलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने माझ्यापुढे इंग्रजी कागद ठेवला. "सलमा, साइन करो. यल्ला, जल्दी करो, खलास."

"सर, मैं उस बस में नहीं थी."

"कंप्लेंट में सिर्फ सलमा लिखा है. तीनों में से एक का नाम चाहिए. तुम अच्छी हो, झगड़ा नहीं करती."

मुलीला कुणी उतरवलं ते मला माहीत होतं. तिचं नाव मी तेव्हा घेतलं नाही, आजही घेणार नाही. पण सही? ज्याने पोटाला लावलं त्याला नाही कसं म्हणायचं! हात पुढे गेलाही होता. मग म्हटलं, एकदा बाईंकडून वाचून घेऊ.

स्टाफरूमच्या दारातच त्यांनी कागद वाचला. "वॉर्निंग आहे ही. चूक सलमा थ्रीची, आणि तिला ती कबूल आहे, असं लिहिलंय. पुढच्या वेळी काही झालं की थेट गावी पाठवतील."

मी बिल्ल्यावर हात ठेवला.

"त्या टाकलेल्या कॅथरीनलाही असाच कागद आला होता," बाई म्हणाल्या. "तू राणी नाहीस, राजाच्या मेलेल्या भावाची विधवा आहेस, असा. तिने पेन मागितलं आणि तो नवा किताब जिथे जिथे दिसला तिथे तिथे खोडला."

"मग? राज्य राहिलं तिचं?"

"नाही राहिलं. पोटच्या मुलीलाही भेटू दिलं नाही तिला. सोपं आहे म्हणून नाही सांगत तुला." आणि अंबाड्यातलं पेन काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

सुपरवायझरच्या टेबलावर वाकून मी 'थ्री' खोडलं. सोबत आलेल्या बाईंनी कबुलीच्या ओळीवर बोट ठेवलं, तीही खोडली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. खाली मराठीत लिहिलं : सलमा, हर्णैची. मी त्या बसमध्ये नव्हते.

"ये क्या लिखा है?"

"नाम," बाई म्हणाल्या. "और उस दिन ये मेरे बाजू में बैठी थी. वो मैं लिख दूँ?"

त्याने कागद ड्रॉवरमध्ये टाकला. पंधरा दिवस माझी बॅग भरलेली होती. वॉर्निंग आली नाही. मग एकेक कपडा काढून परत कपाटात ठेवला.

जूनमध्ये बाईंचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. "वय झालं माझं. तुझा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. मला ते अजून पटत नाही. पेन परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. आणखी खोडायचं निघेल."

आता बाईंच्या सीटवर पाण्याच्या बाटल्यांचा खोका असतो. नव्या टर्मला एक मुलगी कामावर आली. सुपरवायझरने तिला बसच्या दारात उभं केलं. "ये सलमा फोर."

मी खोका खाली ठेवला, तिला शेजारी बसवलं आणि ओढणीत खोचलेलं लाल पेन काढलं.

"नाम हो गया. कहाँ की?"

ती घाबरून सुपरवायझरकडे बघायला लागली.

"उधर नहीं," मी म्हटलं. "मुझे बता. कहाँ की?"