ब्रॉडबँडवरची मंगलाष्टकं

माझी एक फजिती सांगतो, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. उगाच ठसका लागायचा.

ताईच्या मुलीचं लग्न नाशिकला, आणि आठ दिवस आधी मी परतूरच्या बाजारात स्कूटरवरून पडलो. पाय प्लास्टरमध्ये. नवरीच्या पाठीशी उभा राहायचा तो मामा घरी खाटेवर! त्यात आमच्या घरात मंगलाष्टकं रचणारा मीच आणि म्हणणाराही मीच. भाची फोनवर रडायला लागली. "मामा, तुम्ही न्हाई तर न्हाई, पण तुमच्या आवाजातली मंगलाष्टकं पाठवा. त्याबिगर मी हार घालणार न्हाई."

मला गहिवरून आलं, आणि त्याच भरात मी बोलून गेलो, "घरी ब्रॉडबँड घेतलंय बेटा. पाच मिनिटांत पोचतील."

माझा चुलतभाऊ लग्नाच्या आदल्या दिवशी नाशिकला निघाला होता. बायको म्हणाली, "त्यांच्याजवळ सीडी देऊन टाका की."

"जमाना कुठं गेला आणि तू सीडी घेऊन बसलीस?"

आता मला काय ठाऊक? इंटरनेटवरून गाणं पाच मिनिटांत उतरायचं, म्हणजे चढायलाही पाचच मिनिटं लागणार, असं मी धरून चाललो. शिवाय हॉलमध्ये आवाज घुमला पाहिजे म्हणून फाइल ठेवली सगळ्यात भारी दर्जाची. मी ती चढवायची आणि दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, हॉलच्या ऑफिसातल्या कम्प्युटरवर उतरवून घ्यायची, असं ठरलं.

मुहूर्त संध्याकाळी सहा बेचाळीसचा. सकाळी नऊला मी बटण दाबलं. चहा झाला, एक टक्का. नाश्ता झाला, सात टक्के. अकराला चाळीस झाले, तेव्हा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "शहागडच्या आत्याबाईचं नाव घेतलं न्हाई तुम्ही."

आमच्याकडे मंगलाष्टकात ज्याचं नाव राहिलं तो पंगतीला बसत नाही. नवीन कडवं रचलं, सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं आणि शून्यापासून सुरुवात केली. एक वाजता ताईचा फोन आला. "बबन, नवरदेवाच्या थोरल्या काकाचं नाव घेतलं ना? लई मानापानाचा माणूस हाय."

घेतलं नव्हतं. परत शून्य.

सहा चाळीसला एक्क्याण्णव टक्के झाले होते. मी पापणी न हलवता पडद्याकडे बघत होतो. तेवढ्यात फोन वाजला. दाजी होते, मागे नुसता गलका.

"बबनराव, फाइल राहू द्या. अंतरपाट धरलाय. मी फोन माईकला लावून राह्यलो, तिथूनच म्हणा. पोरगी वाट बघून राह्यली."

शहाण्या माणसानं काय केलं असतं? गळा मोकळा करून म्हटलं असतं. पण आमच्याकडे फोन आणि नेट एकाच लाइनवर, फोनवरचं बोलणं जरा लांबलं की नेट बंद पडायचं. दिवसभराची मेहनत डोळ्यांपुढं आली आणि मी ओरडलो, "दाजी, फोन ठेवा! लाइन कटंल. फक्त नऊ टक्के राह्यले!" आणि फोन आपटला.

सातच्या सुमारास फाइल पोचली. मी छाती फुगवून ताईच्या मोबाइलवर फोन लावला. उचलला भाचीनं.

"ऐकलीस का गं?"

"लग्न लागलं, मामा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "माझा आवाज न ऐकताच हार घातलास?"

"ऐकला की. बाबांनी फोन माईकला लावल्ता न्हाई का? सगळ्या हॉलमध्ये घुमलं, 'दाजी, फोन ठेवा, लाइन कटंल, फक्त नऊ टक्के राह्यले.' भटजी जल्दीत होते, त्यांनी लगेच 'शुभमंगल सावधान' म्हणून टाकलं. लोकांनी अक्षता टाकल्या. मंग मी बी हार घातला. आवाज तुमचाच होता ना?"